वाशोई, वाशोई! जपानमधल्या गल्लीतल्या देवळाचा उत्सव कसा असतो, आणि तो चालवतं कोण?

ॲनिमे बघत असाल तर हा सीन तुम्ही किमान दहा वेळा तरी पाहिला असेल. उन्हाळ्यातली रात्र, लाल-पांढऱ्या कंदिलांच्या रांगा, सुती युकाता घातलेली मुलगी, तिच्या हातात पाकात घोळवलेलं लालभडक सफरचंद. मागे कुठंतरी ढोल आणि बासरी वाजतेय. मग दोघं गर्दीत हरवतात, आकाशात फटाके फुटतात आणि एपिसोड संपतो.

हा सीन खोटा नाही. जपानमधल्या वस्त्यांमध्ये दरवर्षी असं वातावरण खरंच असतं. पण कॅमेरा सहसा एका जागेकडे वळत नाही. ती जागा म्हणजे देवळाजवळच्या एखाद्या पार्किंगमध्ये टाकलेला मांडव. तिथं पिकल्या केसांची चार-पाच माणसं खुर्च्या टाकून बसलेली असतात. कुणी वर्गणीची यादी बघतंय, कुणी पाण्याच्या बाटल्या मोजतंय, कुणी फोनवर विचारतंय, "उद्या खांदा द्यायला किती जण येताय?"

सगळा उत्सव या एका प्रश्नावर उभा आहे, आणि दर काही वर्षांनी त्याचं उत्तर थोडं अवघड होत चाललंय. म्हणून आज कंदिलांबरोबर या मांडवाचीही गोष्ट समजून घेऊ.

मात्सुरी म्हणजे नेमकं काय?

उत्सवाला जपानीत 'मात्सुरी' म्हणतात. हा शब्द 'मात्सुरु' या क्रियापदावरून आला. त्याचा अर्थ देवाची पूजा करणं, सेवा करणं. म्हणजे खाण्यापिण्याचे स्टॉल नंतरचे, आधी पूजा.

जपानच्या पारंपरिक शिंतो धर्माच्या देवस्थानाला 'जिंजा' म्हणतात. देशभरात अशी साधारण ८० हजार देवस्थानं आहेत. काही प्रचंड मोठी, तर काही दोन इमारतींच्या मध्ये मावतील इतकी लहान. प्रत्येक जिंजाचा एक ठरलेला इलाखा असतो आणि त्यात राहणाऱ्यांना 'उजिको' म्हणजे त्या देवाची लेकरं मानलं जातं. त्यासाठी दीक्षा लागत नाही की नाव नोंदवावं लागत नाही. स्वतःला कोणत्याही धर्माचं न मानणारे कितीतरी जपानी लोक उत्सवात मात्र हक्कानं खांदा देतात, ते यामुळंच.

उत्सवाचा काळही उगाच ठरलेला नाही. वसंतातले उत्सव बहुतेक पेरणीआधी चांगलं पीक मागण्यासाठी, तर शरदातले सुगीनंतर आभार मानण्यासाठी. शहरांमधल्या उन्हाळी उत्सवांचं मूळ अनेक ठिकाणी रोगराईत सापडतं. उन्हाळा आणि पाऊस सुरू झाला की दाटीवाटीच्या शहरांत साथी यायच्या, मग देवाला साकडं घातलं जायचं. क्योतोच्या जगप्रसिद्ध गिओन मात्सुरीची सुरुवातच इसवी सन ८६९ मधल्या साथीतून झाल्याचं सांगतात. आज आपल्याला गोड वाटणाऱ्या कंदिलांच्या उजेडामागं कधीकाळी अशी भीती होती.

वातावरण तयार कसं होतं?

उत्सव दोन-तीन दिवसांचा असला तरी वस्तीचा चेहरा आधीपासून बदलायला लागतो. दुकानांवर कागदी कंदील लागतात. गल्ल्यांमधून भाताच्या पेंढ्याची दोरी ताणली जाते आणि तिला नागमोडी कापलेले पांढरे कागद लटकवतात. या दोरीचा अर्थ इथून पुढं पवित्र जागा आहे.

मग येतो तो मांडव. कुणाचं गॅरेज, कुणाचं पार्किंग, कुणाच्या दुकानाचा पुढचा भाग, जिथं जागा मिळेल तिथं. आत देवाची पालखी ठेवतात आणि शेजारी भेट आलेल्या साके दारूच्या बाटल्यांची रांग लागते. बाजूला फलक असतो, त्यावर कागदाच्या पट्ट्या. कुणी किती येन दिले ते नावासकट लिहिलेलं. वर्गणीचा फलक म्हटलं की मराठी माणसाला वेगळं काही सांगायची गरज नाही.

आवाजाचंही एक शास्त्र आहे. तोक्यो भागात उत्सवाचं संगीत वाजवणारा ताफा साधारण पाच जणांचा असतो. एक बासरी, दोन लहान ढोल, एक मोठा ढोल आणि एक हातात मावणारी काशाची थाळी. या वादनाची तोक्योतली परंपरा १८ व्या शतकापर्यंत मागं जाते. हे वाजवायला बँड बोलावतात असं नाही. अनेक ठिकाणी वस्तीतलीच मुलं-माणसं उत्सवाच्या कितीतरी आधीपासून संध्याकाळी सराव करतात. त्यामुळं उत्सव जवळ आल्याची पहिली खबर पोस्टरआधी खिडकीतून येणाऱ्या बासरीनं मिळते.

मिकोशी: देवाची पालखी

उत्सवाचा जीव म्हणजे 'मिकोशी'. ही लाकडाची, लाखेचं काम आणि सोनेरी सजावट असलेली देवळाची छोटी प्रतिकृती. खाली जाडजूड लाकडी दांडे, वर बहुतेक वेळा सोनेरी फिनिक्स पक्षी.

एरवी देव जिंजाच्या गाभाऱ्यात असतो. उत्सवात पुजारी विधी करून देवाला मिकोशीत आणतो आणि मग देव आपल्या इलाख्यात फेरी मारायला निघतो. म्हणजे वर्षातून एकदा देव स्वतः लोकांच्या दारावरून जातो.

निघण्याआधी सगळे एका ठेक्यात टाळ्या वाजवतात. तोक्योची प्रसिद्ध पद्धत म्हणजे तीन, तीन, तीन आणि शेवटी एक. लाकडाच्या दोन ठोकळ्यांचा 'कट्' असा आवाज होतो, दांडे खांद्यावर येतात आणि आरोळी सुरू होते. कुठं 'वाशोई, वाशोई', कुठं 'सोइया, सोइया'. आरोळीवर पावलं पडतात आणि पालखी वर-खाली हिंदकळायला लागते.

हे हिंदकळणं चुकून होत नाही, ते मुद्दाम असतं. पालखी हलवली की देवाची शक्ती जागी होते, अशी समजूत आहे. पण खाली असलेल्यांसाठी ते सोपं नसतं. वजन कधीच सारखं वाटलं जात नाही. उंच माणसाच्या खांद्यावर जास्त भार येतो, बुटका माणूस दांड्याला जेमतेम टेकतो. शेजारच्याची लय चुकली तर दांडा थेट हाडावर आदळतो. वर्षानुवर्षं खांदा देणाऱ्यांच्या मानेजवळ गाठ येते. तिला 'मिकोशीचा घट्टा' म्हणून वेगळं नावच आहे आणि लोक ती अभिमानानं दाखवतात.

ठरावीक अंतरावर विसावा असतो. तिथं गार बार्लीचा चहा, काकडी, बिअर, जे असेल ते. वस्तीतल्या ज्या घरांना खांदा देणं जमत नाही ती घरं हे सांभाळतात. मुलांची छोटी मिकोशी वेगळी असते. अगदी लहान मुलं ढोल ठेवलेला गाडा दोरीनं ओढतात आणि फेरी संपल्यावर प्रत्येकाला खाऊची पिशवी मिळते. अनेकांची उत्सवाची पहिली आठवण हीच खाऊची पिशवी असते.

संध्याकाळी पालखी जिंजाच्या दाराशी आली की खरी गंमत सुरू होते. आत जायचं सोडून ती मागं-पुढं करत राहते. कारण आत गेली की उत्सव संपला! दमलेले खांदे आणखी थोडा वेळ मागून घेतात. शेवटी टाळ्या वाजतात आणि देवाला दाखवलेला साके-नैवेद्य सगळे मिळून घेतात. आपल्या प्रसादासारखाच हा प्रकार, त्याला 'नाओराई' म्हणतात.

आणि ते गोल्डफिश?

स्टॉलची दुनिया वेगळीच. तव्यावर परतल्या जाणाऱ्या याकिसोबा नूडल्स, ऑक्टोपसचे तुकडे घातलेले ताकोयाकी, रंगीत सरबत ओतलेला बर्फाचा गोळा, कापसासारखी म्हातारीचे केस मिठाई, कार्टूनचे मुखवटे, कॉर्कची बंदूक. डोळे मिटले तरी सॉस जळल्याच्या वासावरून कळेल की मात्सुरी आहे.

गोल्डफिश पकडायचा खेळ सगळ्यात लाडका. हातात 'पोई' देतात, म्हणजे गोल कड्यावर ताणलेला पातळ कागद. पाण्यात घातला की तो भिजतो, घाई केली की फाटतो. फाटेपर्यंत जितके मासे वाटीत येतील तितके तुमचे.

हे स्टॉल चालवणारे परंपरेनं फिरते विक्रेते. त्यांना 'तेकिया' म्हणतात. एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत जाणं हाच त्यांचा धंदा. त्यांच्यातल्या काही गटांचे संबंध जपानच्या संघटित टोळ्यांशी, म्हणजे याकुझाशी राहिलेत. २०११ पर्यंत जपानच्या सगळ्या प्रांतांत टोळ्यांशी व्यवहार रोखणारे नियम लागू झाले. त्यानंतर अनेक ठिकाणी स्टॉल कुणाला द्यायचे याची कडक तपासणी सुरू झाली आणि काही वस्त्यांनी स्टॉल स्वतःच चालवायला घेतले. त्यामुळं आज तुमच्या हातात नूडल्सची डिश देणारा माणूस फिरता विक्रेता असेल किंवा शाळेच्या पालक संघटनेतला कुणाचा तरी बाबा.

एक उदाहरण: असाकुसाची सांजा मात्सुरी

हे सगळं एकाच ठिकाणी बघायचं तर तोक्योच्या असाकुसा भागात जावं लागेल. इथं दर मे महिन्याच्या तिसऱ्या शनिवार-रविवारच्या सुमारास सांजा मात्सुरी होते. तोक्योतल्या सगळ्यात मोठ्या उत्सवांपैकी ही एक.

इथले देव म्हणजे तीन माणसं आहेत. आख्यायिका अशी की इसवी सन ६२८ मध्ये हिनोकुमा आडनावाच्या दोन कोळी भावांच्या जाळ्यात सुमिदा नदीतून कान्नोन या बौद्ध देवतेची मूर्ती आली. गावातल्या एका प्रतिष्ठित माणसानं तिचं महत्त्व ओळखलं आणि आपल्या घराचंच मंदिर केलं. ते मंदिर म्हणजे आजचं प्रसिद्ध सेन्सोजी. आणि या तिघांना देव मानून शेजारी उभी राहिली असाकुसा जिंजा. 'सांजा' म्हणजे शब्दशः तीन देवस्थानं.

बौद्ध मंदिर उभारणारे लोक शिंतो देव कसे झाले? कारण शतकानुशतकं दोन्ही परंपरा जपानमध्ये एकमेकींत मिसळलेल्या होत्या. १८६८ मध्ये सरकारी हुकुमानं त्या वेगळ्या केल्या गेल्या. या मिसळीचा आणखी एक पुरावा आपल्या ओळखीचा आहे. सेन्सोजीपासून चालत जाण्याच्या अंतरावर मात्सुचियामा शोदेन नावाचं बौद्ध मंदिर आहे आणि तिथला देव म्हणजे कांगितेन, गणपतीचं जपानी रूप. तिथं मोदकांऐवजी मुळा वाहतात.

आता उत्सवाकडं येऊ. असाकुसा जिंजाच्या इलाख्यात ४४ वस्त्या आहेत. शनिवारी या वस्त्या आपापल्या मिकोशी काढतात, लहान-मोठ्या मिळून सुमारे १००. रविवारी पहाटे जिंजाच्या तीन मुख्य मिकोशी निघतात. प्रत्येकीचं वजन जवळपास १ टन. ही मिकोशी एक वस्ती आपल्या हद्दीपर्यंत नेते आणि हद्दीवर पुढच्या वस्तीच्या खांद्यावर देते. प्रत्येक वस्तीचा 'हान्तेन', म्हणजे पाठीवर वस्तीचं चिन्ह असलेला कोट वेगळा. म्हणून लांबून बघितलं तर पालखी तीच राहते आणि खालच्या गर्दीचा रंग बदलत जातो.

या उत्सवावर मोठे प्रसंगही आले. २००७ मध्ये मनाई असूनही काही लोक मिकोशीवर चढले. देवाच्या डोक्यावर पाय देणं जिंजाला मान्य नव्हतं. २००८ मध्ये तिन्ही मुख्य मिकोशी बाहेर काढल्याच नाहीत. आणखी एक प्रसंग कोरोनाचा. २०२० मध्ये मे महिन्याचा उत्सव ऑक्टोबरवर ढकलला आणि मुख्य मिकोशी गाडीवर ठेवून वस्त्यांमधून फिरवली. देवाची फेरी झाली, पण खांद्यांशिवाय. रोगराईविरुद्ध सुरू झालेल्या उन्हाळी उत्सवांच्या देशात रोगानंच खांदे लांब ठेवले होते.

पैसे कोण देतं?

दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या जपानच्या राज्यघटनेनुसार धार्मिक संस्थांना सरकारी पैसा देता येत नाही. म्हणजे गल्लीतल्या जिंजाचा उत्सव वर्गणी, देणग्या आणि फुकटच्या श्रमांवर चालतो. हे सगळं गोळा करते 'चोनाइकाई', म्हणजे वस्तीची संघटना. कचऱ्याच्या वेळापत्रकापासून भूकंपाच्या सरावापर्यंत सगळं तीच बघते.

पण वस्तीत राहणाऱ्या प्रत्येकानं देवळासाठी पैसे द्यावेत का? हा प्रश्न कोर्टात गेलाय. २००२ मध्ये सागा जिल्हा न्यायालयानं वस्तीच्या वर्गणीतच जिंजाचा हिस्सा मिसळून सरसकट वसूल करण्याविरुद्ध निकाल दिला, मुद्दा होता धर्मस्वातंत्र्याचा. म्हणजे शेजाऱ्यावर सक्ती करता येत नाही, त्याला मनवावंच लागतं. मांडवातली ती पिकल्या केसांची माणसं दारोदार फिरून हेच काम करत असतात.

मग अडचण कुठं आहे?

जपानमध्ये ६५ वर्षांवरच्या लोकांचं प्रमाण २९ टक्क्यांच्या आसपास आहे. लोकसंख्या २००८ च्या सुमाराला शिखरावर पोचली आणि नंतर घटत गेली. खेड्यांतून तरुण शहरात गेले. शहरात जुनी घरं पाडून टॉवर झाले आणि तिथं राहायला आलेल्यांना आपण कुठल्या देवाचे उजिको आहोत हे माहीतही नसतं.

१ टनाची पालखी भावनेनं उचलली जात नाही, त्याला माणसंच लागतात. इवाते प्रांतातल्या कोकुसेकिजी या मंदिरात 'सोमिन-साई' व्हायची. ऐन थंडीत लंगोटी घालून पुरुष एका पवित्र पिशवीसाठी झुंबड करायचे. हजार वर्षांहून जुनी म्हणून सांगितली जाणारी ही प्रथा १७ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री शेवटची झाली. हा उत्सव जिंजाचा नव्हता, बौद्ध मंदिराचा होता, पण कारण सगळीकडं लागू पडणारं आहे. त्या रात्री झुंबड करायला माणसं आली होती. कमी पडली ती आधीची तयारी करणारी मोजकी घरं, कारण त्या घरांतली माणसं म्हातारी झाली होती. उत्सव बघायला येणारे आणि उत्सव उभा करणारे यांतला फरक इथं दिसतो.

वस्त्यांनी काय मार्ग काढलेत?

पहिला मार्ग तारखेचा. पूर्वी ठरलेल्या तिथीलाच होणारे कितीतरी उत्सव आता शनिवार-रविवारवर आणलेत, म्हणजे नोकरदारांना येता यावं.

दुसरा मार्ग बाहेरच्या खांद्यांचा. मिकोशी उचलण्याची हौस असलेल्यांचे क्लब आहेत. आज या वस्तीत, पुढच्या आठवड्यात त्या वस्तीत. विद्यार्थी येतात, जपानमध्ये राहणारे परदेशीही येतात. यावर कुरबुर होतेच. पाहुण्यांनीच पालखी उचलली तर ती वस्तीची कशी, असं काही जुने लोक विचारतात. त्यावर दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की पालखी मांडवातच राहिली तर ती कुणाचीच नाही.

तिसरा मार्ग सगळ्यात महत्त्वाचा. बायकांचे खांदे. पूर्वी अनेक ठिकाणी बायकांना मिकोशीला हात लावायची परवानगी नव्हती. आज तोक्योत बायका सर्रास खांदा देतात. आइची प्रांतातल्या कोनोमिया जिंजाचा 'नग्न उत्सव' पुरुषांचा म्हणूनच प्रसिद्ध होता. २०२४ मध्ये तिथं पहिल्यांदा सुमारे ४० बायकांच्या गटानं अंगात उत्सवी कोट घालून बांबू अर्पण करायच्या विधीत भाग घेतला. एकाच महिन्यात, फेब्रुवारी २०२४ मध्ये, एक उत्सव बंद झाला आणि दुसऱ्यानं दार उघडलं.

तुम्ही गेलात तर हे लक्षात ठेवा

- तोरीई, म्हणजे जिंजाची कमान ओलांडताना किंचित वाकून नमस्कार करा. वाटेच्या मधोमध चालू नका, मधली वाट देवाची मानतात.
- आत पाण्याची जागा असते, तिथं हात धुवा. देवासमोर दोनदा वाका, दोनदा टाळी वाजवा, मग पुन्हा एकदा वाका. बहुतेक जिंजांमध्ये हीच पद्धत आहे.
- वरच्या मजल्यावरून मिकोशीकडं बघणं किंवा फोटो काढणं टाळा. देवाकडं वरून बघू नये, अशी जुनी समजूत आहे.
- वाटलं म्हणून दांड्याला हात लावू नका. खांदा द्यायचा असेल तर त्या वस्तीच्या लोकांना आधी विचारा. हान्तेन अंगावर आल्याशिवाय पालखीखाली जागा मिळत नाही.
- कचऱ्याचे डबे क्वचित दिसतील. रिकामी डिश जिथं घेतली त्या स्टॉलवर परत द्या किंवा सोबत न्या.

रात्री उशिरा स्टॉल बंद होतात, गोल्डफिशच्या पिशव्या घेऊन मुलं घरी जातात आणि रील्स अपलोड होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच मांडवातली माणसं पुन्हा येतात. पेंढ्याची दोरी सोडतात, कंदील उतरवून खोक्यात भरतात, मिकोशीचा सोनेरी भाग कोरड्या फडक्यानं पुसतात आणि गोदामाला कुलूप लावतात. तेव्हा ढोल वाजत नाही आणि फोटो काढायलाही कुणी नसतं. तरी पुढच्या वर्षीचा उत्सव होणार की नाही हे बऱ्याच अंशी त्या सकाळी ठरतं, खोकी उचलायला एखादा तरुण हात आला की नाही यावरून.